टेनिस एल्बोसाठी फ्लेक्सबार: पीळ सोडतानाचे चार सेकंद

थेराबँडच्या फ्लेक्सबारचा जवळजवळ सगळा फायदा पीळ सोडतानाच्या चार सेकंदांत आहे. वस्तू अगदी साधी. फूटभर लांबीचा कंगोरेदार रबरी दांडा, रंगानुसार कमी-जास्त जाड. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी महिनोन्महिने ठणकणाऱ्या दुखण्यावर, म्हणजे टेनिस एल्बोवर, घरी वापरायच्या साधनांत आम्ही याला सर्वांत वर ठेवू. मात्र अनेकजण तो जोर लावून पिळतात, झटकन सोडून देतात आणि आठवड्याभरात कपाटात टाकतात. तो सोडायचा कसा आणि का, हे कळण्यासाठी आधी हाताची रचना पाहायला हवी.

तळहात खाली करून हात टेबलावर ठेवा आणि नुसता पंजा वर उचला. कोपराच्या पुढे बाहेरच्या अंगाला जो उंचवटा ताठरतो, ते मनगट मागे खेचणारे स्नायू. टेनिस एल्बोत बहुतेक वेळा त्यांतल्या एकाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बिघडलेली असते. त्या स्नायूचं नाव एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस. त्याचं एक टोक कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला चिकटलेलं असतं, दुसरं मधल्या बोटाच्या रेषेत तळहातातल्या हाडाच्या बुडाशी. म्हणजे हा स्नायू कोपर आणि मनगट असे दोन्ही सांधे ओलांडतो.

मूठ आवळणारे स्नायू मात्र हाताच्या दुसऱ्या, तळहाताकडच्या अंगाला असतात. त्यांच्या कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात, त्यामुळे त्यांनी ओढ दिली की बोटांबरोबर मनगटही आत वळू पाहतं. मनगट आत वळलं की मूठ सैल पडते. मनगट पूर्ण आत दुमडून पेन घट्ट धरून पाहा, लगेच कळेल. ते टाळायला मागचे स्नायू त्याच क्षणी मनगट धरून ठेवतात. स्नायूला ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून अशी समोरासमोरची जोडी लागते. हातात कधी रॅकेट न धरलेल्या माणसालाही टेनिस एल्बो होतो तो यामुळेच. भरलेली बादली उचलणं, धुणं पिळणं, कणीक मळणं, दिवसभर स्क्रू आवळणं, या प्रत्येक पकडीत त्या एका कंडरेवर ताण येतो.

जुन्या दुखण्यात तिथे सूज फारशी नसते. कंडरेतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू दोरखंडाच्या पेडांसारखे एका दिशेने असायला हवेत, ते विस्कटलेले असतात. कंडरेला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे डागडुजी सावकाश चालते. नुसत्या विश्रांतीने ठणका निवतो, पण कंडरा बळकट होत नाही; काम सुरू केलं की दुखणं परत हजर. तिला मोजूनमापून, हळूहळू वाढणारा भार लागतो.

तो भार देण्याच्या पद्धतीला टायलर ट्विस्ट म्हणतात. दुखरा हात उजवा आहे असं धरू.

उजव्या हाताने दांड्याचं खालचं टोक धरा, दांडा उभा, उजवं मनगट पूर्ण मागे वळलेलं. डाव्या हाताने वरचं टोक पकडा. आता उजवं मनगट जागचं न हलवता डावं मनगट आत वळवून दांड्याला पीळ द्या. पीळ तसाच धरून दोन्ही हात छातीसमोर सरळ करा, कोपरं ताठ. दांडा आपोआप आडवा होतो. डावं मनगट आहे तसंच घट्ट ठेवायचं आणि उजवं मनगट रबराच्या ओढीला विरोध करत हळूहळू आत जाऊ द्यायचं, मोजून चार सेकंद. मग पुन्हा पहिल्यापासून. असे १५, मध्ये ३० सेकंद थांबून ३ फेऱ्या, रोज.

या रचनेची खुबी म्हणजे पीळ देण्याची मेहनत चांगला हात करतो. दुखऱ्या हाताचा स्नायू ताणाखाली असताना फक्त लांबत जातो, आकसून वजन उचलण्याचं काम त्याच्याकडे येतच नाही. डंबेलने हेच करायचं तर दर वेळी वजन दुसऱ्या हाताने वर आणून ठेवावं लागतं, आणि त्याचा भार पंजा आडवा असतानाच सर्वाधिक असतो. दांड्यात तो पूर्ण पिळाला सर्वाधिक असतो आणि सुटत जाताना उतरतो. ओला टॉवेल पिळून हाच व्यायाम होईल का, असं पुष्कळजण विचारतात. होत नाही. पिळलेला टॉवेल उलट ओढ देत नाही, त्यामुळे सोडताना स्नायूला विरोध करायला काही उरतच नाही.

न्यूयॉर्कचे फिजिओथेरपिस्ट टिमथी टायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या व्यायामाची चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या फिजिओथेरपीला ही जोड दिलेल्या गटात सुमारे सात आठवड्यांत हाताने रोजची कामं किती जमतात याचे गुण ७६ टक्क्यांनी सुधारले, जोड नसलेल्या गटात १३ टक्क्यांनी. फरक मोठा आहे, पण दोन्ही गट मिळून माणसं २१च होती, हेही ध्यानात ठेवावं. दोन-तीन आठवड्यांत चमत्कार होईल असं समजू नका. दोन-तीन महिन्यांची तयारी ठेवा.

चुका ठरलेल्या असतात. सर्वांत मोठी म्हणजे सोडताना दोन्ही मनगटं एकदम सैल करणं. मग दुखऱ्या स्नायूला भार मिळतच नाही. दुसरी, कोपर वाकलेलं ठेवणं. कोपर ताठ असलं की हा दोन सांध्यांचा स्नायू अधिक ताणलेला राहतो, तोच ताण इथे हवा असतो. तिसरी, मूठ गरजेपेक्षा जास्त आवळणं आणि खांदे कानांकडे चढवणं. करताना थोडं दुखलं तर चालतं, दहापैकी तीन-चारपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर पीळ कमी द्या किंवा कमी ताकदीचा दांडा घ्या.

रंगांचं गणित, म्हणजे दांडा वाकवायला लागणारा जोर, असं: पिवळा ६ पौंड, लाल १०, हिरवा १५, निळा २५, म्हणजे अंदाजे पावणेतीन, साडेचार, सात आणि अकरा किलो. मूठ आवळतानाच कळ येत असेल तर पिवळा, एरवी बहुतेकांनी लाल घ्यावा. १५च्या तिन्ही फेऱ्या त्रासाविना होऊ लागल्या की हिरवा. पहिल्याच दिवशी चारही रंगांचा संच घेण्याची गरज नाही. एक खरी अडचण म्हणजे ताकद वाढते तशी जाडीही वाढते. लाल सुमारे साडेतीन सेंटिमीटर, निळा पावणेसहाच्या आसपास. लहान हाताच्या माणसाला निळा नीट धरताच येत नाही, आणि धरण्यातच दमलेला हात व्यायाम काय करणार? अशांनी हिरव्यावरच थांबून पीळ वाढवावा.

बाजारात स्वस्त नकला भरपूर आहेत. त्यांच्या रंगांवर विसंबू नका. एकाचा हिरवा दुसऱ्याच्या लालपेक्षा मऊ निघू शकतो. दुकानात दांडा यूच्या आकारात वाकवून सोडा. तो लगेच सरळ व्हायला हवा, वाकवलेल्या जागी बारीक भेगा दिसता कामा नयेत. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर वेष्टणावरची सूचना वाचल्याशिवाय हात लावू नका.

हातात मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, मानेपासून खाली कळ जात असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर हा दांडा विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तिथे दोष नसेचा, मानेचा किंवा हाडाचा असू शकतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर वर दिलेला पीळ उपयोगाचा नाही. त्यासाठी उलट्या दिशेचा व्यायाम असतो, तो फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावा.

आणि कोपराला तेल चोळून लगेच दांडा हातात घेऊ नका. पकड सुटते, शिवाय तेलाने रबर फुगून लवकर खराब होतं. साबणाच्या पाण्याने पुसा, सावलीत वाळवा, खिडकीतल्या उन्हात ठेवू नका.