जुना टिपर घ्यायचा आहे: बीएस ३ चा दहा चक्का की बीएस ४ चा बारा चक्का?

नागपूर साईडला सेकंडहँड टिपर पाहायला निघालं की फिरून फिरून दोनच टाईपच्या गाड्या समोर येतात. एक म्हणजे २०१४-१६ मॉडेलचा दहा चक्का, बीएस ३ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम, आकडा मोठा तितका नियम कडक), टाटाचा नाहीतर लेलँडचा २५१८, आणि मालक सांगणार "भाऊ, इंजिनला अजून पाना लागला नाही". दुसरी म्हणजे २०१८-१९ ची बीएस ४, बारा चक्का, कोण्या ठेकेदाराचं काम संपलं म्हणून काढलेली नाहीतर हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यानं ओढून यार्डात लावलेली. पहिली स्वस्त, दुसरी दिसायला भारी. जो तो विचारून राहिला की कोणती घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो. एकच गाडी घेणार असाल, स्वतः मागे उभं राहून चालवणार असाल आणि काम गिट्टी-मुरुमाचं जवळच्या लीडचं (लीड म्हणजे माल नेण्याचं अंतर) असेल, तर दहा चक्का बीएस ३ घ्या, पण चेसिस साफ असेल तरच. हातात पक्कं काम असेल, लांबचा हायवेचा लीड असेल आणि वर्कशॉप रस्त्यातच असेल तर बारा चक्का. रेट आणि मॉडेल पाहून ठरवणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी पाहाव्या, गाडीत माल कोणता जाणार आणि ती बंद पडली तर उघडणार कोण.

आता मालाचं. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि ग्रॉस, म्हणजे मालासकट. २०१८ च्या जुलैत एक्सल लोडचे नियम बदलले, दहा चक्क्याचं ग्रॉस २५ टनांवरून २८ झालं आणि बारा चक्क्याचं ३१ वरून ३५. म्हणजे २०१५ चा दहा चक्का बहुतेक २५ वरच पास असतो, आणि २०१८ ची बारा चक्का ३१ ची आहे की ३५ ची हे आरसी पाहिल्याशिवाय कळत नाही, दलालाच्या तोंडावर जाऊ नका, तो ३५ च म्हणणार. दहा चक्का रिकामा साधारण साडेदहा टन धरला तर माल बसतो साडेचौदा टन. एक ब्रास (१०० घनफूट) गिट्टी सव्वाचार टनाच्या आसपास जाते, म्हणजे कायद्यानं साडेतीन ब्रासपेक्षा कमीच. बारा चक्का ३५ ची असेल आणि रिकामी तेरा-साडेतेरा टन, तर पाच ब्रास आरामात. कागदावर तर बारा चक्का सरळ जिंकली.

पण तुम्ही म्हणाल सगळेच ओव्हरलोड चालवतात, आम्ही काऊन नाही? ठीक आहे, दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, एकदा काट्यावर सापडलात की त्या आठवड्याची कमाई गेली. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जी जुनी गाडी तुम्ही घेऊन राहिले ती पण आयुष्यभर ओव्हरलोडच चाललेली आहे, तिच्या चेसिसला ते सगळं माहीत आहे.

इथं एक गोष्ट फार कमी लोक पाहतात. उमरेड साईडला नाहीतर खाणींच्या पट्ट्यात कोळशावर चाललेल्या गाडीची बॉडी मोठी असते कारण कोळसा हलका. एक घनमीटर कोळसा टनाच्या आतच भरतो आणि तेवढीच गिट्टी दीड टन. म्हणजे २० घनमीटरची बॉडी कोळशानं भरली तर १७ टनांच्या आसपास, तीच गिट्टीनं काठोकाठ भरली तर ३० टन. ड्रायव्हर आणि पोकलेनवाला दोघंही बॉडी भरेपर्यंत भरतात, त्यांना काय, पाटे (गाडीच्या स्प्रिंगा) तुमचे तुटतात. कोळशाची गाडी गिट्टीला लावायची असेल तर आतून रंगाची पट्टी मारून घ्या आणि ड्रायव्हरला सांगा की याच्या वर नाही.

इंजिनमध्ये खरा फरक आहे. बीएस ३ च्या या गाड्यांना डिझेलचा मेकॅनिकल पंप. नोझल खराब झाले, पंपाचं सेटिंग गेलं, तर वाडीत किंवा कामठी रोडला पंपवाल्याकडे टाकायचं, तो बेंचवर लावून कॅलिब्रेशन करून देतो. क्रशरवर गाडी बंद पडली तर नेहमीचा मिस्त्री बाईकवर थैली घेऊन येतो, फिल्टर उघडतो, हातपंपानं एअर काढतो आणि तासाभरात गाडी चालू. बीएस ४ ला कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हिशोबानं डिझेल सोडणारी सिस्टीम), इसीएम म्हणजे तो इंजिनचा कॉम्प्युटर, आणि सेन्सर. हायवेवर त्याचा पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही चांगलं, खोटं कशाला बोलू. पण एखादा सेन्सर गेला, वायरिंग उंदरानं कुरतडलं की गाडी लिंप मोडमध्ये जाते, अॅक्सिलेटर दाबा नाहीतर काही करा, चढावर माल घेऊन जातच नाही, आणि मग लॅपटॉपवाला येईपर्यंत ड्रायव्हर झाडाखाली झोपलेला. भिवापूरकडच्या आडरानात तो लॅपटॉपवाला संध्याकाळपर्यंत तरी येईल का याचा विचार करा.

डिझेलचं पण तसंच. साईटवर ड्रममधून, कॅनमधून डिझेल टाकायची सवय आपल्याकडे सगळ्यांना. जुना पंप थोडाफार कचरा-पाणी सहन करून जायचा. कॉमन रेलचे इंजेक्टर अजिबात सहन करत नाहीत, आणि सहा इंजेक्टरचं बिल पाहून माणूस बसूनच जातो. बीएस ४ घ्याल तर ड्रमचं डिझेल बंद, वॉटर सेपरेटर रोज ढिला करून पाणी काढायचं, फिल्टर कंपनीचाच.

बीएस ४ मध्ये पण दोन जाती आहेत. टाटा आणि भारतबेंझच्या मोठ्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी, त्याची वेगळी टाकी. लेलँडनं बीएस ४ ला आयईजीआर दिलं, म्हणजे थोडा धूर परत इंजिनातच फिरवायचा, त्यात युरिया नाही. डीईएफवाली गाडी असेल तर १०० लिटर डिझेलमागे चार-पाच लिटर डीईएफ धरून चाला. आणि इथं मोठी गडबड असते, मागच्या मालकानं डीईएफचे पैसे वाचवायला बाहेरून एक डबी लावून सिस्टीम बायपास केलेली असते. ओळखायचं कसं? चावी ऑन केली की डॅशबोर्डवरचे सगळे वॉर्निंग लाईट एकदा लागले पाहिजे आणि मग विझले पाहिजे. जो लाईट लागतच नाही त्याचं काहीतरी केलेलं आहे. डीईएफच्या टाकीचं झाकण उघडा, चालू सिस्टीम असेल तर कडेला पांढरे खडे जमलेले दिसतात, आणि आत धूळ आणि कोरडं ठणठणीत असेल तर समजून जा. मग पंप, डोसिंग इंजेक्टर, नॉक्स सेन्सर सगळं तुमच्या डोक्यावर.

आता गाडीच्या खाली चला. हे दोन्ही गाड्यांना सारखंच लागू आहे आणि इथं तासभर घालवला तर लाखभर वाचतात. सकाळी थंडीत जा, आणि आधी इंजिनला हात लावून पाहा, गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी स्टार्ट करून ठेवलंय. थंड इंजिन स्टार्ट झालं की ऑईलचं झाकण काढा, धूर फका-फका बाहेर मारत असेल तर रिंगा गेल्या, इंजिनचं काम निघालं. मग टॉर्च घेऊन खाली झोपा. चेसिसला फक्त काही जागी ताजा काळा रंग असेल तर तिथंच नख घासून पाहा. मला एका गाडीत मागच्या बोगी (मागच्या दोन एक्सलची जोडी) ब्रॅकेटजवळ रंगाखाली वेल्डिंगची रेघ दिसली, हातभर पट्टी मारून वरून ग्रीस फासलेलं होतं, आणि दलाल म्हणे "अजी ते तर कंपनीचंच असते". कंपनी रिव्हेट मारते राजेहो, पट्ट्या नाही चिकटवत. तीन जागा पक्क्या पाहायच्या, पुढे बॉडी उचलणाऱ्या जॅकच्या ब्रॅकेटजवळ, मागे जिथं बॉडी पिनवर उलटते तिथं, आणि बोगीजवळ. चेसिस तडकलेली असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडा. इंजिन बनते, गेअर बॉक्स बनतो, चेसिस नाही बनत.

टिपिंग जॅक रिकाम्या बॉडीवर दाखवतात, त्याला काही अर्थ नाही. माल भरून उचलायला सांगा, वर अर्ध्यात थांबवा आणि चहा प्या. चहा होईपर्यंत बॉडी खाली सरकत आली असेल तर सील किंवा वॉल्व्ह गेला. जॅकच्या नळ्यांवर ओरखडे असतील तर सील बदलूनही परत गळणार. एका बाजूला झुकून उचलते का ते पण पाहा.

यार्डातल्या गाडीला हे काहीच करता येत नाही. ते फक्त स्टार्ट करू देतात, कधी बॅटरी पण नसते, स्टेपनी गायब, आणि महिनोनमहिने उन्हात उभी असल्यानं टायर साईडनं तडकलेले. यार्डाची गाडी म्हणून जे स्वस्त मिळते ते बॅटरी, टायर, सील आणि थकलेल्या टॅक्समध्ये परत जाते, हे धरूनच बोली लावा.

मेंटेनन्स. दहा चक्क्याला स्टेपनी धरून ११ टायर, बाराला १३, आणि बाराला पुढे दोन स्टिअरिंग एक्सल म्हणजे चार किंगपिन, जास्तीचे टायरॉड, जास्तीचं अलाईनमेंट. पुढचे टायर एका बाजूनं खाल्ले जात असतील आणि तुम्ही महिनाभर लक्ष नाही दिलं तर गेलेच. बेसा-मनीषनगर साईडच्या लेआऊटमध्ये माल टाकायचा असेल तर बारा चक्का वळवता वळवता ड्रायव्हरचा घाम निघतो, आणि काळ्या मातीच्या प्लॉटवर पावसानंतर ती उचलायला जाल तर एक बाजू खचून गाडी आडवी व्हायची भीती, लांब बॉडी वर गेली की तोल लवकर जातो. दहा चक्का इथं बिनधास्त.

बाकी काम सारखंच. ग्रीसिंग मुरुमाच्या कामात आठवड्याला पाहिजेच, बोगीचा बुश आणि बॉडीची पिन सोडून सगळीकडे ग्रीस मारतात आणि नेमके तेच दोन खातात. एअर फिल्टरच्या आतल्या फिल्टरला हवा मारायची नाही, तो बदलायचाच, धूळ एकदा आत गेली की टर्बो आणि रिंगा दोन्ही संपतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टाकून काम भागवणारे खूप आहेत, मग हेड गॅस्केट जाते. कूलंट टाका, आणि रेडिएटरच्या जाळीतली माती मागून हवा मारून काढा. बीएस ६ चं थोडक्यात सांगतो, त्यात डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे आणि लायनीत तासन् तास आयडल उभ्या राहणाऱ्या टिपरला तो चोक होतो, सध्या जुन्यात घ्यायला मी तरी सांगणार नाही.

खाणीतून निघालेले मोठे डंपर लिलावात स्वस्त दिसतात म्हणून काही जण तिकडे वळतात. बीईएमएल कंपनीचे ते डंपर रोडवर चालवायला नसतातच, आरटीओ पासिंग नाही, टायर एकेक माणसाएवढा. स्वतःची खदान नसेल तर तिकडे पाहूच नका.

हप्त्याचं गणित पण पाहा. बीएस ४ ला फायनान्स लवकर होतो, जुन्या बीएस ३ ला कमी रक्कम, जास्त व्याज आणि कमी मुदत. पण पावसाळ्यात रेतीघाट १० जून ते ३० सप्टेंबर बंद असतात, मुरुमाचं काम पण मंदावते, हप्ता मात्र चालूच. बारा चक्क्याचा हप्ता चार महिने काम नसताना भरायची तयारी असेल तरच सही करा. दुसरीकडे, दहा चक्का २०१५ चा असेल तर २०३० ला १५ वर्षं होतात, त्यानंतर फिटनेसची फी चांगलीच चढते, आणि काही प्लांटवाले जुन्या मॉडेलची गाडी आतच घेत नाहीत. आठ वर्षांच्या वरच्या गाडीला फिटनेस तसाही दरवर्षी लागतो. म्हणून जुनी गाडी घ्याल तर ती तीन-चार वर्षांत पैसे काढून देणारी म्हणून घ्या.

आणि कागद. गाडीचा नंबर टाकून चलान, टॅक्स, फिटनेस, परमिट, ब्लॅकलिस्ट सगळं आधी पाहा, रेतीच्या केसमध्ये तहसीलला अडकलेली गाडी पण बाजारात फिरत असते, तिचा दंड लाखांत असतो. फायनान्स असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला २९ आणि ३०, छत्तीसगडची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, ती येईपर्यंत टोकनच्या वर एक रुपया देऊ नका. नागपुरातच एमएच ३१, ४० आणि ४९ अशी तीन ऑफिसं आहेत, गाडी कुठली ते पाहून एजंट ठरवा. ट्रान्सफर झाली की १४ दिवसांत इन्शुरन्स स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाच्याच नावावर गाडी चालवणारे ढिगानं आहेत, अॅक्सिडेंट झाला की कंपनी आणि जुना मालक दोघंही हात वर करतात.