सुतारकाकांच्या पेटीतली हत्यारं: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

जुन्या कौलारू घरांची दारं-खिडक्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. राजापूरजवळच्या एका गावातले सुतारकाका वारले आणि वर्षश्राद्ध झाल्यावर काकूंनी त्यांची हत्यारं विकायला काढली. त्यातली साधारण निम्मी मी घेतली. आता अख्खा पावसाळा ती माझ्या हातात आहेत. दिलेले पैसे कशात वसूल झाले आणि अशा वापरलेल्या हत्यारांची किंमत करताना काय बघायचं, हे सविस्तर लिहितोय. घरात अशी पेटी बंद पडून असेल त्यांनीही जरूर वाचावं.

आधी भावाचं. माझ्याआधी भंगारवाला येऊन गेला होता. त्याने लोखंड किलोवर धरलं आणि लाकडी रंध्यांना जळणाचा भाव केला. काकूंच्या मुलाने नेटवर परदेशातले आकडे पाहिले होते, ते जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या बाजारातले. खरा भाव या दोन्ही टोकांना नव्हता. काकू मला म्हणाल्या, "तूच सांग बाबा, तुला त्यातलं कळतं." मी नको म्हटलं. घेणाऱ्यानेच किंमत सांगावी हे मला पटत नाही, माणूस कितीही ओळखीचा असो. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं. त्यांना स्वतःला काही घ्यायचं नव्हतं. ओसरीवर बसून त्यांनी एकेक हत्यार हातात घेतलं, हे कशाचं ते काकूंना सांगितलं, मग भाव सांगितला. मुलाने तो वहीत लिहिला आणि त्याच भावाने मी घेतलं. कोणाच्याही घरी हे असंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पेटीतलं मोठं नाव म्हणजे स्टॅन्ली कंपनीचे दोन बिडाचे (ओतीव लोखंडाचे) रंधे, नं. 4 आणि जरा लांब नं. 5. या रंध्यांची रचना करणाऱ्या लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची पेटंटं स्टॅन्लीने 1869 साली घेतली. तेव्हापासून या रंध्याचा मूळ घाट फारसा बदललेला नाही, त्यामुळे जुन्याचे भाग नव्याला बऱ्याचदा बसतात. काकांच्या रंध्यांवर 'मेड इन इंग्लंड' आहे, पण नुसत्या वयाचे पैसे देऊ नयेत. पातं बाहेर काढून बघायचं. भोकापासून धारेपर्यंत किती पोलाद उरलंय, त्यावर त्याचं पुढचं आयुष्य. मग तळ उलटा करून, पातं जिथून बाहेर येतं त्या तोंडाच्या कोपऱ्यांत चीर आहे का ते उजेडात बघायचं. बीड ठिसूळ असतं, पडलं की तिथेच तडकतं, आणि वेल्डिंगने धड जुळत नाही. स्क्रू सगळे हवेत, कारण स्टॅन्लीचे आटे वेगळे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात जात नाही. नं. 4 चं पातं झिजून संपत आलं होतं, म्हणून त्या सुतारांनी त्याचा भाव नं. 5 च्या निम्मा धरला. निवाडा बरोबर होता. नं. 5 रोज हातात असतो, सागावरून जाताना साल काढल्यासारखा पापुद्रा येतो. नं. 4 ला आता नवं पातं घ्यावं लागणार.

पटाश्यांत मात्र दिसणं फसवं. वरून काळीकुट्ट दिसणारी पटाशी उत्तम निघू शकते आणि चकचकीत निकामी. बघायची ती सपाट पाठ. धार म्हणजे सपाट पाठ आणि समोरचा तिरका उतार ही दोन पृष्ठं मिळतात ती रेघ. पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर उतार कितीही घासा, धार दातेरीच राहते. दुसरं म्हणजे ग्राइंडरवर तापून आलेला निळा डाग. तिथलं पोलाद मऊ झालेलं असतं, तेवढा तुकडा घासून टाकावाच लागतो. काकांच्या पटाश्या इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या मार्पल्स कंपनीच्या, धार कायम निसण्यावर म्हणजे दगडावर लावलेल्या, ग्राइंडर न लागलेल्या. फणसाच्या लाकडात भोकं पाडताना त्यांची धार नव्या स्वस्त सेटच्या कितीतरी जास्त टिकते. बाभळीच्या मुठी त्यांनी स्वतः घडवलेल्या आहेत आणि ठोकून ठोकून एकही फुटलेली नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पेटीच्या तळाशी लाकडी रंध्यांचा ढीग होता: गलत्याचे (नक्षीची पट्टी काढायचे), खाच पाडायचे, गोल तळाचे. एकावरही कंपनीचं नाव नाही, सगळे काकांनी किंवा त्यांच्या वडिलांनी केलेले. भंगारवाल्याने जळणात काढले ते हेच. या भागातल्या जुन्या चौकटींवर जी नक्षीची पट्टी असते, तिचा उलटा आकार या रंध्यांच्या तळाला आणि पात्याला आहे. पूर्वी कुजलेल्या चौकटीचा तुकडा बदलताना मी राउटरचे (लाकडाला आकार द्यायच्या विजेच्या यंत्राचे) बिट जुळवत बसायचो आणि तरी जोड ओळखू यायचा. या पावसाळ्यात एका घराच्या दाराला काकांच्याच रंध्याने पट्टी ओढली आणि जुनं-नवं कुठे मिळतं ते घरमालकाला शोधूनही सापडलं नाही. म्हाताऱ्या सुतारांनी या ढिगाला चांगला भाव लावला तेव्हा काकूंना नवल वाटलं होतं. माझ्या मते तो भाव कमीच होता. दिवाळीत काकूंकडे जाईन तेव्हा फरक देणार आहे.

रेकॉर्ड कंपनीचा नऊ इंची जबड्याचा 52½ नंबरचा शिकंजा लांज्याच्या एका कारखान्याने घेतला. कानशींचे दात गेले होते, त्या भंगारातच गेल्या. विजेच्या कटरचा गार्ड कधीतरी काढून टाकलेला होता. तसा तो कोणाच्या हातात द्यायचा नाही असं ठरलं, मोटर तेवढी वेगळी विकली. पितळी ओळंबा आणि गुण्या मुलाने ठेवून घेतले.

गंजाबद्दल: विकण्याआधी तारेच्या ब्रशने चकाकी आणू नका, रंग तर मुळीच देऊ नका. घेणाऱ्याला खड्डे आणि चिरा दिसल्या पाहिजेत. मी घरी आणल्यावर पाती सुटी करून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी सोड्याच्या पाण्यात धुतली, लगेच कोरडी करून तेल लावलं. पितळ आणि मुठी त्या पाण्यात घालायच्या नाहीत. पावसात रोज संध्याकाळी तेलाचा बोळा फिरवला नाही तर बिडावर दोन दिवसांत तांबूस थर येतो. कोकणात यातून सुटका नाही. नं. 5 च्या गालावर खंडेनवमीच्या ओल्या हळदकुंकवाने धरलेले गंजाचे ठिपके आहेत. कामाला त्यांची काही बाधा नाही, म्हणून मी ते घासले नाहीत.

विकणाऱ्यांनी एवढं करावं: अख्खी पेटी एकदम देऊ नका. घेणारा दोन नामी वस्तूंचा हिशेब करतो आणि बाकीचं फुकटात जातं. प्रत्येक हत्याराचा फोटो, त्यावरचा शिक्का आणि पात्याची उरलेली लांबी लिहून काढा आणि आधी आसपासच्या काम करणाऱ्या सुतारांना विचारा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असली हत्यारं विकली जातात, पण तिथला व्यापारी आपला नफा धरूनच भाव करणार. काकूंकडच्या करवती अजून विकायच्या आहेत. दात चांगले आहेत, पाती सरळ आहेत, मुठीवर काकांची खूण आहे. कोणी कामाला घेणार असेल तर त्यांना मी स्वतः काकूंकडे घेऊन जाईन.