टिक्स की फिट? मुलांचा व्हिडिओ ईईजी कोल्हापुरात करून घेताना

"पोरगं सारखं डोळं मिचकावतंय, मान उडवतंय, फिट तर न्हवं?" हा प्रश्न घेऊन आईबाप बालरोगतज्ज्ञांकडे जातात आणि बऱ्याचदा परत येताना हातात ईईजीची, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतले विद्युत तरंग नोंदवणाऱ्या चाचणीची, चिठ्ठी असते. शाहूपुरी, राजारामपुरी भागात दवाखान्यांची कमतरता नाही, त्यामुळे चाचणी लगेच उरकतेही. हे परीक्षण कुठल्या एका सेंटरचं नसून त्या चाचणीचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. टिक्सच्या (डोळे मिचकावणं, मान उडवणं अशा आपोआप पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालींच्या) शंकेसाठी केलेल्या साध्या अर्ध्या तासाच्या ईईजीला पाचपैकी दोन. त्याच खोलीत, त्याच मशीनवर, पण कॅमेरा लावून आणि झटका, म्हणजे शंकेची ती हालचाल, प्रत्यक्ष पकडून केलेल्या रेकॉर्डिंगला साडेचार.

एवढी तफावत का, ते बघा. साधा ईईजी बहुतेक वेळा दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळातला असतो. ज्याला खरोखर फिट्स येतात त्या मुलाच्याही पहिल्या ईईजीत दोष सापडण्याची शक्यता साधारण निम्मीच असते. उलट, कधीही फिट न आलेल्या शंभर मुलांची तपासणी केली तर दोन-चार जणांच्या आलेखात फिटसारखे टोकदार तरंग सापडतात. कानाच्या वरच्या भागात, झोपेत दिसणारे 'सेंट्रोटेम्पोरल स्पाइक्स' यात नेहमीचे. म्हणजे नुसता खांदा उडवणाऱ्या मुलाच्या रिपोर्टवर 'अॅबनॉर्मल' असा शिक्का येऊ शकतो आणि त्याचा त्या खांद्याशी काडीचा संबंध नसतो. तरी व्हॅल्प्रोएटसारखं औषध सुरू होतं. भूक वाढते, वजन चढतं, केस गळतात, यकृताच्या तपासण्या मागे लागतात, आणि खांदा उडायचा तो उडतोच, कारण टिक्ससाठीचं ते औषधच नव्हे.

म्हणून सेंटरला फोन करताना "ईईजीचे किती?" एवढ्यावर थांबू नका. व्हिडिओ आहे का, किती वेळ रेकॉर्ड करता, झटका आला नाही तर वेळ वाढवता का, आणि वाढीव तासाचे वेगळे पैसे पडतात का, हे विचारा. झटके दिवसातून पाच-पन्नास वेळा येत असतील तर दोन ते चार तासांत काम होतं. आठवड्यातून एखाद्या वेळी येत असतील तर चार तासांवर पैसे घालू नका. तिथे घरच्या मोबाईलवरचा व्हिडिओ जास्त उपयोगाचा.

किंबहुना सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची तपासणी तीच आहे. फक्त ती बहुतेकजण चुकीची करतात. मूल झटका देऊन मोकळं झाल्यावर कॅमेरा सुरू होतो, तोंडावर झूम केलेला असतो, आणि मागून आजीचा आवाज, "अरे, करू नको तसं!" डॉक्टरांना सुरुवात बघायची असते. जेवताना किंवा अभ्यासाच्या टेबलासमोर जुना फोन स्टँडला लावून चालूच ठेवा, आडवा, डोक्यापासून हातांपर्यंत दिसेल असा, उजेड मुलाच्या तोंडावर. झटका आला की शांतपणे नावाने हाक मारा, एखादा शब्द सांगा, "आंबा" म्हणा, आणि मिनिटभराने तो आठवतो का विचारा. उडणाऱ्या हातावर किंवा खांद्यावर हलकेच हात ठेवा, दाबून धरू नका. टिक बऱ्याचदा तेवढ्याने थांबते किंवा दुसरीकडे सरकते, फिटचा ठेका हाताखालीही चालूच राहतो. झटका संपल्यावर आणखी मिनिटभर कॅमेरा बंद करू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर पापणीची हालचाल पुसट होऊन जाते.

असे तीन-चार व्हिडिओ बघून जाणकार डॉक्टर पुष्कळदा चाचणीशिवायच सांगतात. त्यांची नजर कशावर असते, ते घरच्यांनीही ओळखून ठेवावं. टिक साधारण पाच-सहाव्या वर्षी डोळ्यांपासून सुरू होते, काही आठवड्यांनी नाक, मान, खांदा, घसा खाकरणं असा मुक्काम हलवते, परीक्षेत किंवा पाहुण्यांच्या गर्दीत वाढते, मन लावून चित्र काढताना कमी होते. मूल थोडा वेळ ती दाबून धरू शकतं, आणि जरा मोठं असेल तर "आधी आत कसंतरी होतं" असं सांगतंही. महत्त्वाचं म्हणजे टिकमुळे वाक्य तुटत नाही. मूल डोळे मिचकावत मिचकावतच गोष्ट पुरी करतं. अॅबसेन्स फिटमध्ये मात्र घास तोंडाजवळ थांबतो, वाक्य मध्येच विरतं, नजर गोठते, पापण्या किंचित फडफडतात, आणि पाच-दहा सेकंदांनी काहीच न घडल्यासारखं पुढे चालू. "वर्गात लक्ष नसतं" या तक्रारीखाली हीच फिट कित्येक महिने लपून राहते.

अॅबसेन्सची एक फुकटची चाचणी ओपीडीतच होते. मुलाच्या हातात कागदाची भिंगरी द्यायची आणि डॉक्टरांसमोर तीन मिनिटं सलग जोरात फुंकायला लावायची. औषध सुरू नसलेल्या बहुतेक मुलांत फिट तिथेच दिसते. दमा जोरात असेल, सिकलसेल असेल, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर हे करत नाहीत, म्हणून आधी सांगा. आणि घरी प्रयोग म्हणून करू नका.

आता तयारी. ईईजीचं निम्मं यशापयश इथेच ठरतं. आदल्या रात्री डोकं शाम्पूने धुवा, कंडिशनर नको, आणि सकाळी तेलाचं बोटही लावू नका. आपल्याकडे मुलाला बाहेर न्यायचं म्हणजे आधी चपचपीत तेल लावून भांग पाडायचा, हा हात आवरावा लागतो. तेलामुळे पेस्ट धरत नाही, इलेक्ट्रोड सुटतो आणि आलेखात उंच टोक उठतं. टक्कल करायची मात्र अजिबात गरज नाही. मुलीच्या घट्ट वेण्या घालू नका.

पोट भरलेलं हवं. उपाशी मुलाला भिंगरी फुंकायला लावली की रक्तातली साखर कमी असल्यामुळे मोठे संथ तरंग जास्तच उठतात. लहान मुलांत फुंकताना ते थोडेफार उठणं स्वाभाविक आहे, पण नवख्या नजरेला ते आजारासारखे वाटतात. चहा, कॉफी, कोला त्या सकाळी बंद. चालू असलेली कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. क्लोनिडीनसारखं गुंगी आणणारं औषध चालू असेल तर टेक्निशियनला लिहून द्या.

रात्री जागवून आणायला सांगितलं असेल तर चार-पाच तासांचीच झोप द्यायची. चंदगड, गडहिंग्लज, गगनबावड्याकडून येणाऱ्या मुलांचं गणित इथेच बिघडतं. रात्री जागवलेलं पोर पहाटेच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून तासभर गाढ झोपतं, आणि सेंटरच्या खाटेवर टक्क जागं. शेजारी बसून बोलतं ठेवायला एक माणूस लागतोच. झोपेसाठी गोड सिरप देतात ते ट्रायक्लोफॉस. वजनानुसार मात्रा ठरते आणि ते तिथेच, त्यांच्या हातूनच द्यावं. दुकानातून आणून घरून पाजून नेऊ नये. आणि परतताना त्या मुलाला मोटरसायकलवर बसवू नका, पुढे नाही आणि मागेही नाही. गुंगी तासन्‌तास टिकते.

टिक्सच्या मुलात इथे एक पेच असतो आणि बहुतेक सेंटरं त्याचा विचार करत नाहीत. झोपेतला आलेख हवा म्हणून आल्या आल्या सिरप देतात. मूल झोपतं, टिक्स झोपेत बहुतेक थांबतात, आणि ज्यासाठी आलो ती हालचाल रेकॉर्डच होत नाही. म्हणून क्रम मागून घ्या: आधी जागेपणीचं रेकॉर्डिंग, झटके पकडले की मग झोप. त्यातही मूल अनोळखी माणसांसमोर पहिला अर्धा तास टिक्स दाबून धरतं. हातात मोबाईलवरचा गेम दिला तर आणखीच कमी होतात. घरी टीव्ही बघताना वाढत असतील तर टीव्हीच लावा. काहीच येत नसेल तर शेवटी मुलाला त्याच टिक्सबद्दल विचारायचं, "तुझी मान कशी उडते सांग बघू." बोलणं निघालं की दोन-चार हमखास येतात.

खोलीत काय व्हायला हवं तेही माहीत असू द्या. टेपने नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत मोजून, पेन्सिलीने खुणा करून १०-२० पद्धतीने साधारण २१ इलेक्ट्रोड बसवतात. न मोजता अंदाजाने चिकटवणारा टेक्निशियन दिसला तर खुशाल विचारा. प्रत्येक जोडाचा रोध ५ किलोओहमच्या आसपास किंवा खाली असावा. छातीवर ईसीजीची एक वायर हवीच. खांदा उडत असेल तर खांद्याच्या स्नायूवर जादा इलेक्ट्रोड लावून मागा. मग झटका आणि मेंदूतला तरंग एका रेषेत मागेपुढे पाहता येतात. कॅमेऱ्यात तोंड आणि दोन्ही हात उघडे दिसायला हवेत. एसीच्या गारव्याने आई प्रेमाने चादर गळ्यापर्यंत ओढते आणि तासाभराचा व्हिडिओ निकामी होतो. तुमच्या हातात बटण देतात. झटका दिसला की दाबा आणि मोठ्याने सांगा, "उजवा खांदा" किंवा "पापणी". 'ही नेहमीचीच हालचाल' की 'ही वेगळी', हेही लगेच सांगा, कारण दोन्ही एकाच मुलात असू शकतात.

डोळे उघडणं-मिटणं, तीन मिनिटं फुंकणं आणि झगझगत्या दिव्याची चाचणी, तिन्ही झालं पाहिजे. डोळे मिटताच किंवा लख्ख उजेडात पापण्या फडफडवणाऱ्या फिटचा एक प्रकार टिकसारखाच दिसतो, आणि तो या पायऱ्यांशिवाय सापडत नाही. घाईच्या दिवशी नेमका दिवा वगळला जातो.

डोळे मिचकावणाऱ्या मुलाच्या आलेखात कपाळावरच्या दोन इलेक्ट्रोडवर दर मिचकावणीला मोठी लाट येते. पापणी मिटताना बुबुळ वर फिरतं, आणि डोळ्याचा पुढचा भाग विद्युतदृष्ट्या धन असतो, म्हणून. ती लाट मेंदूची नव्हे. व्हिडिओ समोर असेल तर दोन सेकंदांत कळतं. नुसत्या आलेखावर 'फ्रंटल शार्प वेव्ह', म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातला टोकदार तरंग, असं लिहिलं गेलेलं सापडतं.

रिपोर्टमधला शेवटचा निष्कर्ष वाचून बाहेर पडू नका. वर बघा: एकूण किती मिनिटं, झोप मिळाली का, फुंकणं नीट झालं का, आणि झटके किती नोंदले. झटका नोंदला आणि त्या क्षणी तरंग स्वच्छ, तर ती हालचाल टिक असण्याला आधार मिळाला, पण तेवढ्याने शिक्कामोर्तब होत नाही, कारण शुद्ध असताना येणारी छोटी फिट डोक्यावरच्या इलेक्ट्रोडना पुष्कळदा दिसत नाही. झटका नोंदलाच नाही आणि रिपोर्ट 'नॉर्मल', तर उत्तर अर्धंच आहे. रिपोर्ट अॅबनॉर्मल, पण दहा टिक्स नोंदून एकाही वेळी बदल नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "हा दोष आणि ही हालचाल यांचा संबंध दिसला का?" चिडून विचारायची गरज नाही, चांगले डॉक्टर स्वतःच स्क्रीन वळवून दाखवतात. मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर, उघडायच्या सॉफ्टवेअरसह, त्याच दिवशी घ्या. पुढे पुण्याला किंवा बेळगावला दुसरं मत घ्यायचं झालं तर छापील चार पानांचा फारसा उपयोग नसतो.

खर्चाची ओढाताण असेल तर आधी सीपीआरच्या (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या) बालरोग ओपीडीत केसपेपर काढून व्हिडिओ दाखवा. चाचणी हवीच का, हे तिथे ठरवून मग पुढचं.

काही मुलांनी या रांगेत थांबूच नये. वर्षाच्या आतलं बाळ झोपून उठल्यावर ओळीने पुढे वाकून झटके देत असेल, झटक्यात मूल निळं पडत असेल, एक हात-पाय लुळा पडत असेल, आलेलं बोलणं-चालणं मागे जात असेल, किंवा पहाटे तोंड एका बाजूला ओढून लाळ गळून बोलता येत नसेल, तर हे टिक्सचं प्रकरण नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. अंगभर फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

शेवटचं, पेस्ट. ती वाळली की केसांत खडे होतात आणि मुलं रडतात. घरी आल्यावर आधी कोमट पाणी आणि भरपूर कंडिशनर चोळून दहा मिनिटं ठेवा, रुंद दातांच्या फणीने विंचरा, मग शाम्पू. आता तेल लावलं तरी चालेल.