सेंटरबोर्ड रंगवून परत बसवला, त्याला पाच महिने झाले

आमची एंटरप्राइज जुनी आणि लाकडी. जॅक होल्टने १९५६ साली आखलेली ही दोघांची डिंगी, म्हणजे छोटी बोट, ४.०४ मीटर लांब, निळ्या शिडांची. पावसाळ्यात मुंबई बंदरात आमची शिडं गुंडाळलेलीच असतात, म्हणून जुलैत सेंटरबोर्ड काढला, म्हणजे बोट आडवी सरकू नये यासाठी तळातून पाण्यात सोडायची फळी. टोकाचा प्लाय फुगला होता. बोर्ड ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या भोकाभोवतीचं लाकूड तर काळं पडून नखानेही निघत होतं. पाणी तिथूनच आत मुरत होतं.

भोक मोठं केलं, दाट इपॉक्सीने बुजवलं आणि कडक झाल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं नवं पाडलं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. परवा उघडून पाहिलं, आतून खडखडीत. या कामाला पैकीच्या पैकी गुण.

रंगकामाला मात्र काठावर पास. हौसेने ग्लास फायबरचं कापड चढवलं, त्यावर इपॉक्सी, पुट्टी, प्रायमर आणि पॉलियुरेथेनचे तीन हात. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती आधी पाण्याने धुवायची असते. मी थेट पॉलिशपेपर मारला. पेपर चिकटून बसला आणि वरचा रंग पापडासारखा सुटून आला. सगळं पुन्हा खरवडलं.

ऑक्टोबरमध्ये बोट कलती करून बोर्ड आत सरकवला, तर अर्ध्यावर अडकला. कॅलिपर लावला: आधी २० मिमी होता, आता साडेबावीस! बोर्ड ज्या खाचेत बसतो ती पेटी तोंडाशी २३, पण बोल्टचा नट मीच जोरात आवळल्याने मधे भिंती आत ओढल्या गेलेल्या. नट सैल केला, रबरी वॉशर नवे घातले, तरी जमेना. शेवटी बोर्ड घासून २१ वर आणला. चकाकी गेलीच, थोडी पुट्टीही गेली. वर एकच पातळ हात मारला. तोच अजून टिकून आहे.

पहिल्याच दुपारी वायव्येचा वारा जोरात सुटला आणि पायाखाली जुना फ्रिज चालू झाल्यासारखी घरघर सुरू झाली. "तुझा बोर्ड मंत्र म्हणतोय रे," जोडीदार म्हणाला. मागची कड मी सुबक गोल केली होती ना! गोल कडेवरून पाणी आळीपाळीने दोन्हीकडे भोवरे सोडतं आणि बोर्ड थरथरतो. कड सपाट करून कोपरे तीक्ष्ण ठेवले, मंत्र थांबला.

पेटीच्या तोंडाशी खालून शिडाच्या कापडाच्या दोन पट्ट्या लावल्या होत्या, म्हणजे पाणी आत खळबळत नाही. त्यातली एक जानेवारीत सुटली. नुसत्या गोंदावर विसंबलो, वरून कडक पट्टी दाबून स्क्रू मारले नव्हते. ओहोटीला एकदा गाळात टेकलो तेव्हा टोकाचा रंगही सोलला, आतलं कापड दिसतंय.

टोक येत्या जुलैत पुन्हा उघडणार. प्रायमरचा उरलेला डबा तोवर घट्ट झाला तर बरं, नाहीतर मला आवरायला कुणीतरी लागेल.