गडकरी रंगायतन की नेरूळचे स्टेडियम?

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ पासून उभे असलेले गडकरी रंगायतन आणि २०१९ मध्ये यूटू, तर २०२५ मध्ये कोल्डप्ले हे परदेशी बँड जिथे वाजले ते नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, यांपैकी घराण्यांच्या आणि शैलींच्या सीमा ओलांडणारे संगीत कुठे ऐकावे, असे कोणी विचारले तर मी रंगायतनाचेच नाव घेईन. हजारो कंठांतून एकदम उठणारा सूर स्टेडियममध्येच अनुभवावा, हे मान्य आहे. मात्र तबला आणि सॅक्सोफोन एकमेकांना अजमावू लागतात, तेव्हा डग्ग्यावर मनगट घासून निघणारी मींड, म्हणजे सुरातून सुरात घसरत जाणारा नाद, वादकाने ओढलेला श्वास आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना दोघांची होणारी नजरानजर तिसऱ्या रांगेतूनच टिपता येते. मैदानातल्या भव्य पडद्यावर हे सारे उशिरा आणि अर्धेच पोहोचते.