अपघातानंतर पुन्हा सुरू झालेली स्की-मार्गदर्शक सेवा: एक अभिप्राय

गेल्या हंगामात हिमस्खलनात एक ग्राहक दगावल्यानंतर, आखलेल्या स्की-मार्गांबाहेर नेणाऱ्या एका कंपनीने आपली मार्गदर्शक सेवा 'नव्या सुरक्षाव्यवस्थेसह' पुन्हा सुरू केली आहे. ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी आहे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

निघण्यापूर्वीची तपासणी चोख होती. मार्गदर्शक थोडा पुढे जाऊन उभा राहिला, एकेकाला अंतर राखून आपल्याजवळून जायला सांगितले आणि प्रत्येकाचे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधण्यासाठी अंगावर बांधायचे रेडिओयंत्र) ४५७ किलोहर्ट्झवर संकेत सोडते आहे ना, हे स्वतःच्या यंत्रावर पाहिले. एका बाईंचा मोबाइल ट्रान्सीव्हरला खेटून होता. संकेतात अडथळा येतो म्हणून तो त्याने पाठपिशवीत ठेवायला लावला. पुढे प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) जोडण्याचा आणि फावड्याने बर्फ उपसण्याचा सरावही झाला. तो नावापुरता नव्हता, हे महत्त्वाचे, कारण पूर्णपणे गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता साधारण पहिल्या १० मिनिटांनंतर झपाट्याने घसरते आणि तेवढ्या वेळात सोबतच्यांखेरीज कोणी पोहोचू शकत नाही. (भाड्याने मिळणाऱ्या एअरबॅगचे, म्हणजे हिमस्खलनात फुगणाऱ्या पिशवीचे, कौतुक मात्र जरा जास्तच ऐकावे लागते. ती बर्फाच्या वर राहायला मदत करते, खडकावर आदळण्यापासून वाचवत नाही.)

त्या दिवशी हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी ५ पैकी ३ होती. ठरलेला उतार रद्द करून मार्गदर्शकाने ३० अंशांहून कमी उताराची, वरच्या बाजूलाही उभा कडा नसलेली वाट धरली. पैसे भरलेल्या एका गृहस्थांनी बरीच कुरकुर केली. पण मार्गदर्शकाचा नकार अंतिम राहील आणि त्यापायी त्याच्यावर ठपका येणार नाही, असे कंपनीने आता लेखी दिले आहे. माझ्या मते या सेवेतली सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे.

कार्यालयातला अनुभव याच्या अगदी उलट आला. जबाबदारीमुक्तीचे दाट छपाईचे पत्रक ऐन निघण्याच्या घाईत सहीसाठी पुढे करण्यात आले आणि मागच्या अपघाताबद्दल विचारले असता 'नैसर्गिक आपत्ती' एवढेच उत्तर मिळाले. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये लूज (बर्फाळ मार्गावरून स्लेजवर उताणे झोपून घसरण्याची शर्यत) खेळाडू नोदार कुमारिताश्विली सरावात मृत्युमुखी पडला, तेव्हाही मार्गात दोष नसल्याचे अधिकाऱ्यांनी जाहीर केले होते. तरी शेवटच्या वळणावरची भिंत उंचावण्यात आली आणि पुरुषांची सुरुवात खालच्या टप्प्यावर आणण्यात आली. बदल करायचा, पण तो का केला हे सांगायचे नाही, ही पद्धत वकिलांना सोयीची असेल. ग्राहकाला मात्र अपघाताच्या दिवशीचा इशारा काय होता आणि तो उतार कोणी निवडला, हे कळायला हवे.

मार्गदर्शकाला पूर्ण गुण, कंपनीला निम्मे. जाणाऱ्यांनी सहीचे पत्रक आदल्या दिवशीच ई-मेलने मागवून घ्यावे. मागितल्यास ते पाठवतात.