"205 चे टायर टाकलेत साहेब" म्हणाला, मधला आकडा मात्र सांगितलाच नाही

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं. परवा आमच्याच सोसायटीतला एक मुलगा त्याच्या स्विफ्टला रुंद अलॉय रिम टाकायचं म्हणत होता, तेव्हा वाटलं की आता बसून सगळं लिहून काढावं, म्हणजे निदान कोणाचे तरी पैसे वाचतील आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोणाच्या घरच्यांच्या जिवाला घोर लागणार नाही.

माझी गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, 2018 च्या दिवाळीत घेतलेली. कंपनीतून आलेला टायर 165/80 आर 14, साध्या लोखंडी रिमवर. पाच वर्षं आणि 52 हजार किलोमीटर झाले, टायर गुळगुळीत झाले होते, बदलायचेच होते. मग घरात विषय निघाला की बदलतोयच तर अलॉय पण टाकून घेऊ, गाडी जरा भरीव दिसेल. 2023 च्या दिवाळीच्या आधी पुण्यात सिंहगड रोड, सातारा रोड असं चार-पाच दुकानं फिरलो. त्यातल्या एकाचं दुकान चकाचक, एसी केबिन, भिंतभर अलॉय लावलेले, आणि माणूस बोलायला इतका गोड की पहिल्या दिवशी चहा पाजून पोरांना चॉकलेट पण दिलं. त्याने व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं, 16 इंची अलॉय 6.5 जे (म्हणजे रिमची रुंदी साडेसहा इंच), ईटी 45 (चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा एमएममधला आकडा, तो कमी तेवढं चाक बाहेर), टायर 195/55 आर 16, फिटिंग बॅलन्सिंग अलाइनमेंट धरून 58 हजार, जुने रिम-टायर घेऊन 4 हजार कमी. हे कोटेशन मी डिलीट केलं नाही हे नशीब, पुढे तेवढंच कामाला आलं.

फिटिंगला गेलो त्या दिवशी दुकानात ही गर्दी. गाडी वर चढवली, रिम उतरवले, आणि मग तो म्हणाला, "साहेब, 195 चा स्टॉक संपलाय, दिवाळीमुळे कंपनीकडून माल येत नाहीये, पण तुमच्यासाठी 205 चे टाकतो, रुंद टायर, ग्रिप जास्त, पैसे तेवढेच." मला वाटलं चांगलंच झालं की, त्याच पैशात मोठा टायर. गाडी वर लटकलेली, जुने टायर आधीच बाजूला टाकलेले, बायको-पोरं बाहेर थांबलेली, मी हो म्हणालो. बिल पण घाईत घेतलं. त्यावर काय लिहिलं होतं तर "टायर 16 इंच 4 नग, अलॉय 4 नग", बस्स. ना साइज, ना कंपनी, ना नंबर.

आता इथे जरा थांबून आकड्यांचं सांगतो, कारण सगळी फसवणूक त्या आकड्यातच आहे. आपण बोलताना काय बोलतो, 195 चा टायर, 205 चा टायर, सोळाची रिम. मधला आकडा कोणी उच्चारतच नाही. पण टायरची उंची ठरते ती मधल्या आकड्यावर. 205/45 म्हणजे टायरची रुंदी 205 एमएम आणि बाजूच्या भिंतीची उंची त्या 205 च्या 45 टक्के, म्हणजे 92 एमएम. माझ्या मूळ टायरची भिंत 165 च्या 80 टक्के म्हणजे 132 एमएम होती. 40 एमएम रबर गेलं बघा, दोन बोटांच्या जवळपास. आणि पूर्ण टायरची उंची काढायची तर भिंत दोनदा धरायची आणि रिमचे इंच गुणिले 25.4 त्यात मिळवायचे. माझा मूळ टायर येतो 619.6 एमएम. कोटेशनमधला 195/55 आर 16 येतो 620.9, म्हणजे एका एमएमचा फरक, अगदी परफेक्ट साइज होती ती. आणि मला जो टाकला तो 205/45 आर 16, तो येतो 590.9. साडेचार टक्क्यांहून जास्त लहान. साधारणपणे हा फरक 3 टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, दीड-दोनच्या आत असेल तर फारच उत्तम. "205 रुंद आहे, मोठा आहे" असं तो म्हणाला ते रुंदीला खरं होतं, पण टायर मोठा नव्हता, लहान होता.

पण हे सगळं मला कळलं सहा महिन्यांनी. आधी काय काय झालं ते ऐका.

पहिल्या आठवड्यातच ऐंशी-नव्वदच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागलं. दुकानात गेलो, म्हणाला बॅलन्सिंग हललं असेल, करून देतो. तीन वेळा केलं, दुसऱ्या वेळेपासून पैसे पण घेतले. थरथर काही गेली नाही. मग सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर, पाच वर्षं कधी लागला नव्हता, तो चार माणसं बसली की खालून खरवडायला लागला. टायरची उंची जवळजवळ 29 एमएम कमी झाली की गाडी त्याच्या निम्मी म्हणजे 14 एमएम खाली बसते, स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, मुळातच 163 एमएम. आणि मागच्या सीटवर तिघं बसले की खड्ड्यात मागून कर्रर्र असा आवाज यायचा, मला वाटायचं सस्पेन्शन गेलं.

जानेवारीत मुंबईला गेलो. माझी सवय आहे, एक्सप्रेसवेला लागलो की ट्रिप मीटर झीरो करतो. रस्ता आहे 94.5 किलोमीटरचा, माझ्या मीटरला कायम 95 च्या आसपास यायचं. या वेळी 99 च्या वर गेलं. तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. टायर लहान झाला की तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारतो आणि मीटर आपलं फेरे मोजत बसतं. म्हणजे मीटरवर 100 दिसतोय तेव्हा गाडी खरी 95 ने चाललीय. त्या काळात मायलेज पण वाढल्यासारखं दिसत होतं, आधी वीस यायचं ते एकवीस दाखवत होतं, आणि दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "बघा साहेब, अलॉय हलके असतात, मायलेज वाढतंच." किलोमीटरच खोटे पडत होते हो, पेट्रोल तेवढंच जळत होतं.

मग मे महिना. आई, बायको, दोन्ही मुलं आणि सामान घेऊन कोल्हापूरला निघालो, अंबाबाईच्या दर्शनाला. साताऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू, डायव्हर्जनमागून डायव्हर्जन. कराडच्या अलीकडे एका डायव्हर्जनवरून उतरताना खड्ड्यात डावं मागचं चाक दण्णकन आदळलं. स्पीड फार नव्हता, चाळीस असेल. दोन किलोमीटरवर गाडी ओढायला लागली म्हणून उतरून बघितलं तर टायरच्या भिंतीला आतून बाहेर आलेला फुगा, माझ्या मुठीएवढा, आणि रिमची कड चेपलेली. आईने तो फुगा बघितला आणि काहीच बोलली नाही, फक्त मुलांना रस्त्यापासून लांब नेऊन उभी राहिली. स्टेपनी मूळची 14 इंची होती, ती चढवली आणि हळूहळू कराड गाठलं.

तिथे हायवेच्या कडेला एक टायरवाले काका होते, साठीचे असतील, साधं पत्र्याचं दुकान. त्यांनी चाक हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "पाव्हणं, ह्यो टायर कुनी बसवला?" मी म्हणालो पुण्यात. म्हणाले, "ह्यो टायर या गाडीचा न्हाई." मग बाकीची तीन चाकं पण काढायला लावली आणि एकेक गोष्ट दाखवायला लागले. मी मोबाईलचा टॉर्च धरून बसलो होतो, आणि जे दिसत होतं ते बघून पोटात गोळा येत होता.

रिमच्या मागच्या बाजूला ओतीव अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. माझ्या रिमवर होतं 16 गुणिले 7.5 जे, ईटी 30. कोटेशनमध्ये 6.5 आणि ईटी 45. म्हणजे रिम एक इंच जास्त रुंद, त्यातला निम्मा 12.7 एमएम बाहेरच्या बाजूला, आणि ईटी 15 ने कमी म्हणजे अजून 15 एमएम बाहेर. सांगितलं होतं त्यापेक्षा चाक जवळजवळ 28 एमएम जास्त बाहेर, फेंडरच्या म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या बाजूला आलेलं. मला भरीव दिसत होतं ते हेच. मागच्या फेंडरच्या आतल्या कडेचा रंग घासून पत्रा उघडा पडला होता, कर्रर्र आवाज तिथून यायचा. रिमच्या मधल्या होलवर 73.1 एमएम लिहिलेलं, आणि स्विफ्टचा हब, म्हणजे ज्यावर रिम बसते तो गाडीचा मधला गोल भाग, 54.1 चा. त्या दोघांच्या मध्ये हब रिंग बसवावी लागते, शे-दोनशेची गोष्ट असते, ती टाकलीच नव्हती. काकांनी रिम हबवर नुसती टांगून हलवून दाखवली, खडखड खडखड. रिम मध्यावर बसतच नव्हती, चार नटांच्या भरवशावर होती. माझी थरथर तिथे होती, आणि मी तीन वेळा बॅलन्सिंग करत बसलो.

पुढचं तर अजून वाईट. टायरवर डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी टायर कधी बनला त्याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ही तारीख बऱ्याच टायरला एकाच बाजूला असते, आणि माझ्या चारही टायरची ती बाजू आत करून बसवलेली होती. दोन टायरवर 1119, म्हणजे मार्च 2019. दोनवर 3418, ऑगस्ट 2018. माझी गाडी 2018 च्या दिवाळीतली, म्हणजे "नवीन" म्हणून घेतलेले दोन टायर गाडीपेक्षा जुने. पॉलिश मारलेली, वरचे रबराचे केस तसेच, त्यामुळे नवेकोरे दिसत होते. लोड इंडेक्स 83, म्हणजे एका टायरला 487 किलो. मूळ टायरचा 85, म्हणजे 515 किलो. एका टायरमागे 28 किलो कमी, चार मिळून 112, आणि आम्ही पाच जण सामानासकट त्यावर.

काका म्हणाले, "त्याच्याकडं रुंद रिम पडून व्हत्या, त्यावर बसंल असा पडीक टायर काढला. तुमची गाडी बघितलीच न्हाई त्यानं." घरी येऊन मी टायर कंपन्यांचे तक्ते बघितले आणि त्यांचं म्हणणं तंतोतंत पटलं. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते ते ठरलेलं असतं. 195/55 आर 16 ला साडेपाच ते सात इंच. 205/45 आर 16 ला साडेसहा ते साडेसात. म्हणजे त्या 7.5 च्या रिमवर 195/55 नियमाने बसतच नव्हता! स्टॉक संपलाय हे खोटं होतं, त्याने पहिल्या दिवसापासून तीच रिम द्यायची ठरवलेली होती. सगळा क्रमच उलटा. आधी गाडीवरून टायरची उंची आणि लोड, त्यावरून टायर, आणि मग त्या टायरला चालणारी रिम. आपण दुकानात भिंतीवरची रिम बघून सुरुवात करतो आणि तिथेच त्यांच्या हातात सापडतो.

दुकानदाराकडे गेलो तर चहा वगैरे काही नाही. "तुम्ही हो म्हणालात, बिलावर 16 इंच आहे, 16 इंच दिलेत, खड्ड्याची वॉरंटी नसते." टायर कंपनीकडे जावं तर बिलावर टायरचा नंबरच नाही. 1915 ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, त्यांनी तक्रार व्यवस्थित नोंदवून घेतली पण दुकानाने उत्तर दिलं नाही. मग ओळखीच्या वकिलांकडून नोटीस पाठवली, सोबत व्हॉट्सॲपचं कोटेशन, रिमच्या मागचे फोटो, तारखांचे फोटो. महिनाभराने त्याने 15 हजार परत दिले. बाकीचे बुडाले.

आता गाडीला स्विफ्टच्याच वरच्या झेडएक्सआय मॉडेलचे कंपनीचे 15 इंची अलॉय आहेत, नाना पेठेत सेकंडहँड मिळाले, त्यावर 185/65 आर 15 टायर. तो येतो 621.5 एमएम, मूळ टायरपेक्षा दोन एमएम सुद्धा फरक नाही, आणि लोड इंडेक्स 88. इन्शुरन्सवाल्यांना मेल करून कळवलं. ज्यांना टायर-रिम बदलायचेत त्यांनी आधी स्वतःच्या गाडीचं वरचं मॉडेल कुठल्या साइजवर येतं ते बघा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतं. बिलावर पूर्ण साइज, लोड इंडेक्स आणि चारही टायरचे तारखेचे आकडे लिहून घ्या, रिम चढवायच्या आधी तिची मागची बाजू आणि टायरची तारीख मोबाईलमध्ये काढून ठेवा, आणि साइज बदलतोय असं ऐनवेळी कोणी म्हणालं तर गाडी खाली उतरवून घरी या, भले गुळगुळीत टायरवर अजून चार दिवस सावकाश चालवावी लागली तरी चालेल.

सोसायटीतला तो मुलगा माझ्या त्या तीन चांगल्या रिम मागत होता, पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडल्यात म्हणून. त्याला खाली नेलं, एक रिम उलटी केली आणि मागचे आकडे त्यालाच वाचायला सांगितले. मग वहीत त्याच्या गाडीच्या टायरची उंची काढून दिली. रिम काही मी त्याला दिल्या नाहीत.